जानराव गप्प राहिले तो शॉट

गजेंद्र काळबांडे गेला तेव्हा अमरावतीच्या एका पत्रकाराने जानराव ढोल्यांकडे आठवणी मागितल्या. जानरावांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. गजेंद्रच्या तोंडची शेकडो वाक्यं त्यांना आजही पाठ होती, पण ती सगळी नाटकातली. त्याला कशाची भीती वाटायची, एकटा असला की तो काय करायचा, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्याच्याइतकं आपण आयुष्यात दुसऱ्या कोणावर जळलो नाही.

कॉलेजच्या नाटकात दोघं बरोबरच उतरले. जानरावांचं पाठांतर असं, की दोन वाचनांत अख्खं नाटक डोक्यात. पण समोर माणसं दिसली की ते प्रेक्षकांकडे पाठच फिरवायचे. गजेंद्रचं नेमकं उलटं. स्टेजवर पाऊल टाकलं की सगळं सभागृह त्याचं, पण वाक्य काही केल्या डोक्यात राहायचं नाही. शेवटी मंडळींनीच वाटणी केली. गजेंद्र पुढे आणि जानराव विंगेत, प्रॉम्प्टर म्हणून. तो अडला की जानराव पहिला शब्द पुटपुटायचे. पुढे आवाजाचीही गरज उरली नाही. नुसते ओठ हलले तरी गजेंद्र वाक्य उचलायचा आणि लोकांना वाटायचं, काय सुंदर थांबला!

अकोल्याच्या नाट्यस्पर्धेत त्याला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. परतताना एसटीत तो म्हणाला, "जान्या, तू नसता तं मी मुका असतो बे."

हे तो एसटीत बोलला. जानरावांना ते माईकवर हवं होतं.

मग गजेंद्र मुंबईला गेला आणि जानराव अमरावतीच्या जिल्हा परिषदेत कारकून झाले. गजेंद्र पडद्यावर आधी हवालदार झाला, मग खलनायकाचा भाऊ, मग एका सिनेमात आंधळा पोस्टमन, आणि त्या पोस्टमनने त्याला मोठा पुरस्कार मिळवून दिला. त्याने स्वतःची कंपनी काढली. दोन सिनेमे आपटले, तिसरा त्याने स्वतः दिग्दर्शित केला आणि तो गाजला. जानराव त्याचा प्रत्येक सिनेमा अकोल्याला जाऊन बघत. अमरावतीच्या टॉकीजात कोणी ओळखीचं भेटलं आणि "तुमचा दोस्त काय काम करते!" म्हणालं, तर तोंड कसं ठेवायचं? बायकोला सांगत, ऑफिसचं काम आहे.

"काय हो," मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या, "हे ऑफिसचं काम बराबर मॅटिनीलेच कसं निघते?"

मुलाखतींत गजेंद्र आईचं नाव घ्यायचा, आपल्या गावच्या, वलगावच्या मातीचं घ्यायचा, मास्तरांचं घ्यायचा. जानराव प्रत्येक मुलाखत शेवटपर्यंत वाचत आणि पेपर घडी न करताच ठेवून देत.

सदुसष्टाव्या वर्षी गजेंद्रचा फोन आला. "वलगावात शूटिंग आहे. मीच प्रोड्यूसर, मीच डायरेक्टर, हिरोइनचा बापही मीच. पण डोक्यात काही राहून नाई राहिलं रे. ये तू. कोणाले सांगू नको."

जानराव राजापेठेतून ऑटो करून गेले. दामिनी नावाच्या सहायक दिग्दर्शिकेने त्यांना कॅमेऱ्याशेजारी स्टूल दिलं. "काका, तेवढं फ्रेममध्ये येऊ नका हं," ती म्हणाली. पन्नास वर्षांत जागा बदलली नव्हती. दोन दिवस ते ओठ हलवत राहिले आणि गजेंद्र वाक्यं उचलत राहिला.

तिसऱ्या दिवशी टीव्हीवाले आले. एका मुलीने विचारलं, "सर, या वयात एवढे संवाद?"

गजेंद्र हसला. "एकदा वाचलं की बसतं. पाठांतर माझं पहिल्यापासून पक्कं."

जानराव चार हातांवर उभे होते. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. आज याला पडू द्यायचं, त्यांनी ठरवलं. सगळ्यांच्या देखत.

शॉट मोठा होता. सासरी पिचलेल्या मुलीला न्यायला बाप आलाय, दारात उभा राहून तिच्याशी बोलतो. तीन वाक्यं बरी गेली. चौथ्याला गजेंद्र अडला आणि त्याने नजर जानरावांकडे वळवली. जानरावांनी ओठ मिटून घेतले. गजेंद्र बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आलं, मग विनवणी, मग जानरावांनी कधी न पाहिलेली भीती. शेवटी तो मुलीकडे वळून कसाबसा म्हणाला, "पाणी दे, माय."

हे वाक्य संवादांच्या वहीत नव्हतं. मुलीचं काम करणारी आकांक्षा खरीच रडू लागली. दामिनीने डोळे पुसत कट म्हटलं.

गजेंद्रने मॉनिटरवर शॉट दोनदा पाहिला. "हाच ठेवा," तो म्हणाला. मग जानरावांजवळ आला. "काहून बे, झोपला होता काय?"

"शब्द नाई आठवला," जानराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

तो सिनेमा त्याच शॉटने ओळखला गेला. पेपरांत त्या शांततेवर रकाने भरले. पुरस्कार घेताना गजेंद्र म्हणाला, "तिथे मी मुद्दाम थांबलो." जानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती शांतता आपली होती! पण श्रेय मागायचं तर आधी दगा कबूल करावा लागणार होता. महिनाभर त्यांना नीट झोप नव्हती. डिसेंबरात एका दुपारी त्यांनी काय व्हायचं ते होवो म्हणून फोन लावला. त्यानंतर नवव्या दिवशी गजेंद्र गेला.

"बोल, जान्या." फोनवरचा त्याचा आवाज थकलेला होता.

"तो वलगावचा शॉट..."

"कोणता?"

पलीकडे गजेंद्रला धाप लागलेली ऐकू येत होती.

"काही नाई. जेवला काय?"

"जेवलो. तू?"

"बसतोच आता."

"काय केलं वहिनीनं?"

"वांग्याचं भरीत."

"मजा आहे लेका तुही. जा, थंडं होईन."

"हो. ठेवतो."