करवंटीची डबी आणि मूठभर सोलं

आमच्या घरातून जगाच्या पाठीवर जिथे जिथे माल गेला, तिथून तिथून तो परत आला. गावची माणसं कशी मुंबईला जातात आणि गणपतीला हजर होतात, तशा आमच्या डब्या विलायतेला जायच्या आणि दीड-दोन महिन्यांत जामसंड्याला हजर व्हायच्या. फरक एवढाच, की माणसं येताना काहीतरी घेऊन येतात. आमच्या डब्या तक्रार घेऊन यायच्या!

दोन हजार आठच्या आसपासची ही गोष्ट. ह्यांचा (म्हणजे माझ्या नवऱ्याचा, त्यांना दत्ता असं नाव आहे, पण ते वापरायचा हक्क फक्त सासूबाईंना) मामेभाऊ नारळाच्या करवंटीच्या झाकणवाल्या डब्या करायचा. घासून, पॉलिश करून अशा काही चकचकीत, की नारळालासुद्धा ओळख पटू नये. पण जत्रेत त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. आमच्याकडे करवंटी चुलीत घालतात, ती शोकेसमध्ये ठेवायला कोण पैसे देणार? तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ज्यांच्या दारात माड नाहीत अशा लोकांना त्या विकाव्यात.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेय. लग्न झाल्यापासून त्या बी.ए.चा उपयोग एकच होता, अख्ख्या वाडीच्या औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवणे. आता मी देवगडच्या सायबर कॅफेत बसून एका मोठ्या परदेशी साइटवर दुकान उघडलं. घर सासऱ्यांच्या नावावर, स्कूटर ह्यांच्या नावावर, शेगडीसुद्धा सासूबाईंच्या माहेरची. हे दुकान तेवढं माझं. ते चालावं असं मला फार वाटत होतं. इतकं, की देवाला नारळ बोलताना त्याची करवंटी मात्र आपल्यालाच मिळावी असंही मी बोलून ठेवलं होतं.

कामाची वाटणी सोपी होती. इंग्रजी माझ्याकडे. पार्सलावर पत्ते घालणं ह्यांच्याकडे (शाळेत गणित शिकवतात, पण अक्षर चांगलं आहे). आणि पॅकिंग आयेकडे. आये म्हणजे माझ्या सासूबाई. मुंबईच्या लेकीला लोणच्याची बरणी अशी बांधून धाडायच्या, की ती सोडवायला लेकीला शेजारी बोलवावे लागत. एवढं भक्कम पॅकिंग घरच्या घरी मिळत असताना मी त्यात कशाला लक्ष घालू?

साइटचा नियम कडक होता. गिऱ्हाइकाला माल आवडला नाही तर निमूट परत घ्यायचा, आणि अशा तीन तक्रारी जमल्या की दुकान बंद. मी म्हटलं, तीन कसल्या, एक येईल तर शपथ!

पहिली इंग्लंडहून आली. डबीला आतून जांभळे डाग आहेत म्हणे. मी पैसे परत केले, माफी मागितली आणि तडक मामेभावाला धरलं.

“वयनी, माझ्या पॉलिशात जांभळो रंग नायच!”

“मगे काय इंग्लंडात जावन जांभळी झाली?”

“थंडीन झाली आसतली!”

हे मला पटलं. (थंडीने ओठ जांभळे पडतात, मग करवंटीने काय घोडं मारलंय? बी.ए.ला मला शास्त्र नव्हतं.)

दुसरी तक्रार डेन्मार्कच्या इंगरीडबाईंची. त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं, की डबी फार सुंदर आहे, पण तिच्या आत काहीतरी मेलेलं आहे.

“काय मेला?” ह्यांनी विचारलं.

“तां तिकाच म्हायत नाय. फोटो धाडल्यान हा.”

त्या काळी फोटो उघडायचा म्हणजे नारळ सोलण्याएवढा वेळ. तो वरून खाली टीचभर टीचभर उतरत होता. झाकण आलं, डबीचा काठ आला, आता मेलेलं दिसणार, एवढ्यात लाइट गेली! कॅफेवाला म्हणाला, उद्या या. पण मला धीर कुठला? लाइट आल्याबरोबर मी फोटोबिटोच्या नादी न लागता कळवून टाकलं, की डबी माझ्या खर्चाने परत पाठवा, आमच्या मालात मेलेलं काही असूच शकत नाही.

यथावकाश डबी आली, पण हातात मिळेना. पोस्टमास्तर पंख्याखाली बसून ऑफिसातलं मराठी बोलू लागले.

“परदेशातून वस्तू आली आहे. ड्युटी लागली आहे. ती भरावी लागेल.”

“अहो, परदेशी कसली? इथलीच आहे. तुमच्याच हातून गेली!”

“गेली तेव्हा देशी होती. आली ती परदेशी.”

“साहेब, ज्या माडाचा नारळ, तो माड तुमच्या खिडकीतून दिसतो!”

पोस्टमास्तर उठले. खिडकीपाशी गेले. “कुठला? तो वाकडा?”

“त्याच्या पलीकडचा.”

त्यांनी बराच वेळ माडाकडे बघितलं. मग खुर्चीत बसत म्हणाले, “माड बघून ड्युटी माफ करता येत नाही, वहिनी. नायतर तुमी माका काय परके?” आपल्याच परसातली करवंटी मी ड्युटी भरून सोडवून आणली.

घरी आम्ही तिघं ओटीवर बसलो. ह्यांनी बोटाच्या टोकाने झाकण उघडलं. आतून डबी जांभळी झाली होती आणि तळाला एक काळपट, ओलसर, सुरकुतलेलं काहीतरी चिकटून बसलं होतं. मी वाकून वास घेतला. आंबट. खारट. अत्यंत ओळखीचा.

“आये, ह्या सोल आसा!”

“मगे? सोलच आसतला. मीच घातलंय,” आये शांतपणे म्हणाली. सोलं म्हणजे आमसुलं. आमच्या घरची मीठ लावून वाळवलेली, पावसाळी हवेत पाणी सोडणारी, वाटेत येईल त्याला रंग देणारी!

“कित्याक?”

“कित्याक म्हंजे? रिकामी डबी धाडूची लोकांच्या घराक? माका लाज नाय?”

“आये, ती विकलेली डबी! तेंनी पैशे मोजलेले!”

“पैशे डबयेचे मोजल्यानी. रीत काय इकूक काढलंस?”

मी कपाळाला हात लावला. म्हणजे आजवर गेलेल्या प्रत्येक डबीतून मूठभर सोलं सातासमुद्रापार गेली होती. विमानं बदलून, कस्टमवाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून! ह्यांना हसू आवरेना. मला रडू आवरेना. दुकान एका तक्रारीवर लटकलं होतं आणि ते लटकवणारी बाई माझ्यासमोर पान लावत बसली होती. आता आयेला चांगली चार शब्दांत समज द्यायची म्हणून मी पदर खोचला.

पण आयेने डबी उचलली. आत बघितलं. उलटी करून तळव्यावर आपटली. बाकीची बाईंनी फेकली असणार, जांभळ्या तळाचं ते एकुलतं एक सोल पडलं.

“आणि हिना काय घातल्यान?”

“कोणी?”

“त्या तुझ्या बायेन. डबी परत धाडल्यान ना?”

“काय नाय घातल्यान.”

“साखरसुद्दा नाय?”

मी मान हलवली. आयेने डबी खाली ठेवली आणि अर्धवट लावलेलं पान तसंच ठेवून मागच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने मी गेले तर म्हणाली, “माझा काय चुकला आसात गो?”

समज द्यायला खोचलेला पदर मी सोडला. आमच्या वाडीत वाट्या-पातेली फिरत असतात. शेवंडीचं कालवण गेलं तर पातेल्यातून निदान चिमूटभर साखर तरी येते. ज्या घराशी बोलणंच बंद करायचं असेल, त्या घराला भांडं रिकामं धाडतात. साइटच्या भाषेत माल परत आला म्हणजे व्यवहार मिटला. आयेच्या भाषेत डेन्मार्कने आमच्याशी संबंध तोडले होते. आणि खरं सांगते, तिच्या त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं. बोलायला गेले होते सासूला, आणि डेन्मार्कची वकिली करत बसले. तिकडे थंडी असते, तिकडे अशी पद्धत नसते, बाई स्वभावाने बरी दिसते! आये नुसतं “बरा, बरा” म्हणत होती. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरून चंदेरी कागदातली चॉकलेटं आणली आणि घरात शिरता शिरता ओरडले, “आये! ही बघा! पार्सलाच्या कागदात रवान गेलली!”

आयेचा चेहरा असा काही उजळला, की मला माझंच कौतुक वाटलं. एक चॉकलेट तिने देवापुढे ठेवलं, एक ह्यांना दिलं. “सांगी होतंय ना, बाय बरी आसा म्हणान!” बी.ए.च्या अभ्यासात एवढी हुशारी मी कधी दाखवली नव्हती.

हुशारीत एक बारीक गोष्ट राहून गेली. इंगरीडबाईंनी खाऊ पाठवला, म्हणजे आता पाळी आमची होती!

मी चार दिवस कुडाळला माहेरी गेले होते. तेवढ्यात आयेने ती डबी धुऊन पुसून सोलांनी गच्च भरली, सोबत पिशवीभर कुळथाचं पीठ ठेवलं आणि ह्यांच्याकडून पत्ता घालून घेतला. ह्यांनी विचारलंसुद्धा नाही. आईने पत्ता घाल म्हटलं, गणिताच्या मास्तरने पत्ता घातला!

मला कळलं ते थेट इंगरीडबाईंच्या मेलवरून. त्यांनी लिहिलं होतं, की मी तुमची डबी परत केली होती. ती तुम्ही पुन्हा पाठवली आहे. आत ते मेलेलं आता जास्त आहे. शिवाय एक तपकिरी पावडर आहे. कृपया कळवा, ही धमकी आहे का?

मी सायबर कॅफेतल्या खुर्चीत सरसावून बसले. या बाईने साइटवर एक ओळ खरडली, की माझं दुकान खलास. सुरुवातीला मी एक भारदस्त खुलासा लिहायला घेतला. गैरसोयीबद्दल दिलगीर, पॅकिंग विभागातील त्रुटी वगैरे. पॅकिंग विभाग म्हणजे आये! ती पायरीवर बसलेली आठवली आणि मी सगळं पुसून टाकलं. मग साध्या इंग्रजीत खरं तेच लिहिलं. आमच्याकडे भांडं रिकामं जात नाही आणि रिकामं येत नाही. ते मेलेलं नाही, फळाची साल आहे, पाण्यात भिजवून प्यायची. पावडरीची पिठी करून भाताबरोबर खायची. तुमची डबी रिकामी आली म्हणून माझी सासू जेवली नाही, म्हणून मी तुमच्या नावाने खोटी चॉकलेटं आणली, आणि आता ती तुमची परतफेड करतेय. वाटल्यास तक्रार करा.

उत्तर आलं नाही. रोज कॅफेत जायचं, हात हलवत परत यायचं. आणि एके दिवशी पोस्टातून निरोप. मी गेले तेव्हा पोस्टमास्तर खिडकीतून माडाकडेच बघत होते. “तीच?” मी म्हटलं, “तीच.” ड्युटी भरली.

डबी जड होती! आत काळ्याकुट्ट, चपट्या गोळ्या शिगोशीग. आयेने मोठ्या समारंभाने एक तोंडात टाकली. दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे मिटले, भुवया वर गेल्या, गाल आत गेले. मी चाखली. खारट, कडू, डांबर चघळावं तशी!

“गो बाय! ह्या काय मेलेला?”

“डेन्मार्कचो खाऊ, आये.”

आयेने ती थुंकली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी चघळत राहिली. “घातल्यान मात्र,” ती म्हणाली. आणि मग अगदी सहज, “पयली चॉकलेटां नाक्यावरच्या दुकानातली होती मां?”

“तुमका कोणी सांगल्यान?”

“दुकानदारान. त्याच दिवशी.”

“मगे बोलाक नाय ता? आणि तिका सोलां कित्याक धाडलास?”

“तू तिचा नाव राखूक बघी होतंस. मी कित्याक मोडू? म्हटला, बायेक आणखी एक संधी देवया.” आणि तिने दुसरी गोळी तोंडात टाकली. एवढी शूर बाई मी दुसरी पाहिली नाही.

इंगरीडबाईंनी पुन्हा तक्रार तर केली नाहीच, उलट साइटवर माझ्या दुकानाचं भरभरून कौतुक लिहिलं. डबीत घरचं फळ येतं, त्याचं सरबत छान होतं, विक्रेतीच्या सासूबाईंना नमस्कार! दुकान वाचलं. मी मात्र शहाणी झाले होते. आयेच्या पाया पडून तिच्याकडून कबूल करून घेतलं, की यापुढे डबीत काही म्हणजे काही घालायचं नाही. ती म्हणाली, “तुझा दुकान, तुझी रीत.” पुढच्या ऑर्डरीची डबी मी स्वतः पॅक केली. स्वच्छ, कोरडी, परदेशी पद्धतीची.

ती अमेरिकेला गेली. तिथून तिसरी तक्रार आली आणि साइटने माझं दुकान बंद केलं.

घरी आले तेव्हा आये विळीवर नारळ खवत होती. मी बातमी सांगितली. “काय लिवल्यान ता वाच,” ती म्हणाली. कॅफेवाल्याने काढून दिलेला कागद मी उघडला आणि मराठीत सांगितलं, “लिहिलंय, की दुसऱ्या गिऱ्हाइकांना आत फळ मिळतं. माझी डबी रिकामी आली.”

आयेचा हात थांबला. तिने नारळाची कवड खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि नीट मांडी घालून बसली.

“परत वाच.”

अख्ख्या वाडीत इंग्रजी येणारी मी एकटी. वाचावंच लागलं.