मुंजाजी फिटरची बंदूक

धर्मापुरीचा मुंजाजी आमच्या सहकारी साखर कारखान्यात फिटर होता. यंत्राच्या भागातला केसाएवढा फरक तो नुसता बोट फिरवून सांगायचा. दोन हजार पंधराच्या दुष्काळात ऊस जळाला, गाळप झालंच नाही आणि बहुतेक कामगार घरी बसले. मुंजाजीला गोदामाच्या राखणीवर ठेवलं. पारवे पोत्यांवर घाण करायचे, म्हणून छर्ऱ्याची एक जुनी बंदूक दिली.

वीस पावलांपुढं त्या बंदुकीचा छर्रा कुठंही जायचा. मुंजाजीला बिघडलेली वस्तू हातात धरवत नसे. बंद वर्कशॉपमध्ये बसून त्यानं ती उघडली. आतलं चामडी वॉशर वाळून तडकलं होतं. त्यानं नवं कापून दोन दिवस तेलात मुरवलं. स्प्रिंग खडखडायची, तिला घट्ट बसवायला लेथवर पितळी बुश, म्हणजे आतलं कडं, काढलं. नळीच्या बिजागरीतला ढिलेपणा पातळ पत्रा घालून घालवला. चेपलेले छर्रे निवडून फेकले. मग भिंतीला पुठ्ठा लावून नेमाच्या पट्टीचा स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवत बसायचा. मी स्टोअरकीपर, मलाही काम नव्हतं, बघत बसायचो. महिन्याभरात पन्नास पावलांवरून मारलेले पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाऊ लागले. त्या वर्षात तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

चैत्रात डोंगरातले झरे आटले आणि वानरं कॉलनीच्या टाकीवर येऊ लागली. झाकण उचकटून पाणी नासवायची. टँकर आठवड्यातून एकदाच येई. मॅनेजरांनी मुंजाजीला ती हाकलायला सांगितलं. अंगावर मारणार नाही, नुसता पत्रा वाजवतो, असं तो म्हणाला.

एका सकाळी टाकीवर एकच वानरी होती, पोटाशी पिल्लू. मुंजाजीनं तिच्यापासून वीतभर डावीकडं, झाकणाच्या पत्र्यावर नेम धरला. त्यानं घोडा दाबला आणि त्याच क्षणी तिनं पाण्यासाठी तिकडं तोंड नेलं. छर्रा डोळ्यात गेला.

डोळ्यावर हात धरून ती बसून राहिली. मुंजाजी बंदूक टाकून धावला, तशी तिनं लिंबावर उडी घेतली. फांदी चुकली, ती खाली आदळली. पिल्लाला उराशी धरून ती लंगडत बांधापलीकडं गेली.

पुढं आठ दिवस मुंजाजी आपल्या घरातलं पाणी पातेल्यात घेऊन टाकीखाली ठेवायचा. ती यायची, चाचपडत प्यायची. त्याची बायको सत्यभामाच ते पातेलं भरून द्यायची. नवव्या दिवशी ती आली नाही, पिल्लू दुसऱ्याच वानरीच्या पोटाला दिसलं.

मुद्दाम थोडंच मारलं, असं मी त्याला म्हणालो.

बंदूक माझ्या टेबलावर ठेवत तो म्हणाला, "खराब हुती तवर तिनं कुनाचं काई बिघडवलं न्हाई. मीच नीट केली."

दुसऱ्या दिवशी नवा राखणदार आला. मी त्याला तीच बंदूक काढून दिली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, त्यानंतरच्या हंगामात कारखान्याचा बॉयलर पेटला. फिटर म्हणून मुंजाजीला दोनदा निरोप गेला. तो आला नाही. गेवराईकडं कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर राखणीला बसतो. लेथला हात लावत नाही, असं सत्यभामा सांगत होती.