ॲडमिशन मागायला गेलेली मॅडम

मे महिन्यात शिक्षकांना सुट्टी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खासगी इंग्लिश मीडियममध्ये कधी शिकवलेलं नसतं. मे महिन्यात आम्ही दारोदार फिरतो, पोरं गोळा करायला. शाळेची जांभळी युनिफॉर्म साडी नेसायची, हातात रंगीत पत्रकं घ्यायची आणि दिसेल त्या आईला विचारायचं, यंदा कुठल्या शाळेत घालताय? प्रत्येकीला टार्गेट असतं. ते भरलं नाही तर जूनमध्ये तुमचा वर्ग राहील की नाही सांगता येत नाही, हे आमचे प्रिन्सिपल सर हसत हसत सांगतात.

बरीच वर्षं मी हे निमूट केलं. त्या वर्षी मात्र माझं बिनसलं. सकाळी स्कूलबसचा हॉर्न ऐकला की छातीत धस्स व्हायचं. समोर बसलेली पोरं मला पोरं वाटेनाशी झाली, नुसता कालवा वाटायचा. घरी लेकीनं "आई" एवढं म्हटलं तरी तिच्या अंगावर ओरडायचे, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मंचरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल आहे, आराम करा, म्हणाले. आता आराम काय मेडिकलमध्ये मिळतो?

सोडावं, असं रोज वाटायचं. शिवणकाम मला चांगलं येतं. गल्लीतल्या बायका टेलरकडे न जाता ब्लाऊज माझ्याकडं आणतात. पण सासूबाई साऱ्या भावकीत मला "आमची मॅडम" म्हणून मिरवायच्या. मॅडमची टेलरीण झाली तर त्यांना तोंड कसं दाखवू, याची मला खरोखर भीती वाटायची. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू ठरव. असं म्हणून माणूस स्वतः मोकळा होतो आणि आपण आणखी अडकतो. इकडं सरांनी निरोप धाडला होता, जूनला कोण आहे न् कोण नाही ते याच आठवड्यात कळवा.

त्याच आठवड्यात मी आणि माझी एक सहकारी मॅडम स्कूटीवरून निमगाव सावाच्या बाजूला गेलो. यंदा शाळेची बस तिकडं जाणार होती. भर दुपारी एका वस्तीवर थांबलो. मेंढरांच्या वाड्याला बिबट्याच्या भीतीनं उंच जाळी मारलेली, आणि शेजारी पत्र्याचं घर. घरातल्या बाईनं पाणी दिलं, चहा टाकला. माझ्या सोबतिणीनं पत्रकातलं सगळं घडाघडा सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. तिची लेक दाराआडून बघत होती.

मग ती माझ्याकडं वळली. "मॅडम, माज्या पोरीला एका मॅडमची सवय व्हती, तर ती मधीच सोडून गेली. पोर लई दिस जेवली न्हाई. तुमी ऱ्हाताल ना वरीसभर?"

मी हातातल्या पत्रकाची घडी घालत बसले. सोबतीणच मधे बोलली, राहणार की, या तर आमच्या सगळ्यांत जुन्या मॅडम. बाईचा चेहरा खुलला. मग घालते पोरीला, म्हणाली, आणि उठून आत गेली. सोबतिणीनं मला कोपर मारलं. एक ॲडमिशन झाली.

बाई बाहेर आली ती सुपात गहू, हळकुंड, सुपारी घेऊन. सवाष्ण पहिल्यांदा दाराशी आली की रिकामी पाठवायची नाही, ही आमच्याकडची रीतच. तिनं मला कुंकू लावलं, पदर पुढं घ्यायला सांगितलं. ही ओटी घेऊन मी जूनमध्ये शाळा कुठल्या तोंडानं सोडणार होते?

"नका भरू," मी म्हटलं. "मी राहणार नाही. मला आता होत नाही. पोरीला आहे त्याच शाळेत ठेवा."

सोबतीण माझ्याकडं बघतच राहिली. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, सरांना नाही, आणि बोलून बसले कुणापुढं, तर नाव माहीत नसलेल्या बाईपुढं. मला वाटलं, आता ही सूप आत नेणार.

तिनं सूप कमरेवर टेकवलं. मग म्हणाली, "ओटी काय नोकरीची भरत्यात व्हय? पोरगी न्हाई घालायची मी तुमच्या शाळंत. पर पदर पसरा, ताई."

मी पदर पसरला. ती ओंजळीनं गहू घालत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

परतताना सोबतीण फणफणत होती. तुझं तू बघायचं होतंस, माझी ॲडमिशन कशाला घालवलीस, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. हायवेला लागायच्या आधी मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सरांना फोन केला. सरांनी पहिलंच विचारलं, आज किती झाल्या? मी म्हटलं, एक होत होती, ती मीच मोडली. आणि जूनपासून मला धरू नका.

नीट विचार करा, मॅडम, सर म्हणाले.

"विचार करकरूनच अशी झालेय, सर," मी म्हटलं.