एकाच डब्यातली बंदुकीची दारू

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माझ्या चुका पोटात घाला. वही नातीची आहे. पुढच्या अर्ध्या भागात तिची गणितं आहेत, मागची पानं कोरी होती ती मी घेतली. एक गोष्ट मला तोंडाने सांगायची होती, ती सांगता आली नाही, म्हणून लिहिते.

आमचे हे तीस वर्षं तालुक्याच्या गावी बंदुकांच्या दुकानात नोकरीला होते. दुकान मालकाचं, पण हात यांचा. दुरुस्ती करायचे आणि रायफल क्लबच्या लोकांना काडतुसं भरून द्यायचे. नवं काडतूस महाग पडतं, म्हणून लोक उडवलेल्या पितळी पुंगळ्या परत आणायचे. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाने दारू घालायची, वर गोळी दाबायची.

दारू कुठली घ्यायची यावर ह्यांचा सगळा मान होता. लांबलांबून लोक विचारायला येत. रायफलची नळी लांब, तिला सावकाश जळणारी दारू लागते. रिव्हॉल्व्हरची आखूड, तिला भरकन जळणारी. दुकानात दोन वेगळे डबे असायचे. पुढे सरकारने परवान्यावरचा दारूचा साठा कमी केला आणि मालक म्हणाले, एकच डबा परवडेल, दोन्हीला चालेल अशी काहीतरी बघा. ह्यांनी महिनाभर घेतला. थोडी थोडी आणून क्लबात मारून बघितली, पुठ्ठ्यावरची भोकं घरी आणून मला दाखवायचे. शेवटी एक निवडली. चपट्या करड्या कण्यांची होती. रिव्हॉल्व्हरला उत्तम, आणि रायफलमध्येही सरावापुरत्या हलक्या काडतुसांना चालायची. लागायची अगदी थोडी, म्हणून डबा पुरायचा.

"हिचा एकच दोष आहे," हे मला म्हणाले होते. "जागा कमी घेते. जुनी दारू चुकून दोनदा पडली तर पुंगळीतून बाहेर सांडायची, लगेच कळायचं. हिचं दुप्पट पडलं तरी आत मावतं. तेव्हा लक्ष हातावर ठेवायचं."

हे मला सांगायचं कारण असं की काडतुसं मी भरत होते. ह्यांचा हात चाळिशीनंतर थरथरायला लागला. दुकानात कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून पुंगळ्या पिशवीतून घरी यायच्या आणि दुपारी मी स्वयंपाकघरात बसून भरायची. घरी भरायला परवानगी नव्हती, हे मला माहीत होतं. पण मला ते काम आवडायचं. कुणाशी बोलावं लागत नाही. भोकांच्या फळीत पुंगळ्या उभ्या करायच्या आणि एकेक माप ओतत जायचं. सहा वर्षांत माझी एक चूक झाली नव्हती.

त्या दुपारी शेजारीण विरजण मागायला आली. मी उठले, दाराशी दोन शब्द बोलले, परत बसले. कुठपर्यंत आले होते ते आठवेना. असं झालं की सगळ्या पुंगळ्या ओतून पुन्हा पहिल्यापासून भरायच्या, असा ह्यांचा नियम. मला पोळ्या करायच्या होत्या. मी अंदाजाने पुढे भरत गेले. शेवटी वाटीत एका मापाची दारू कमी निघाली. सांडली असेल म्हणून मी जमीन पुसून घेतली आणि गोळ्या दाबल्या.

चार दिवसांनी क्लबात एका मुलाच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं. इंजिनिअरिंगला होता, वडिलांबरोबर यायचा. क्लबातला सगळ्यात चांगला नेम त्याचा. त्याचा उजवा डोळा गेला.

हे घरी आले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. म्हणाले, "भरलं मी होतं. दुकानात बसून. तुला या कामातलं काही माहीत नाही."

मुलाच्या वडिलांनी पोलिसात तक्रार लावून धरली नाही. मद्रासच्या इस्पितळाचा खर्च तेवढा परत करा म्हणाले. मालकाने हात वर केले, नोकरीही गेली. आमच्याकडे एवढे पैसे कुठले? आमच्या मुलाने हप्ते बांधून घेतले. त्याला नुकतीच पुण्यात नोकरी लागली होती, पुढे सिंगापूरची मिळाली. त्याने आम्हाला इकडे आणलं तरी हप्ता चालूच होता.

इथे सेरंगूनला नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, बाजारातून पालक आणायचा, बोट दाखवून घ्यायचं म्हणजे बोलायला नको. मला वाटलं, मराठी मुलं इतकी आहेत, डबे करून द्यावेत, हप्त्याला हातभार लागेल. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या इथे राहायच्या पासवर काम करता येत नाही. कुणी तक्रार केली तर माझा पास जाईल." तेही राहिलं.

सून वाईट नाही. पण एकदा फोनवर तिच्या बहिणीशी बोलताना ऐकलं, "आमच्याबरोबर आलेले सगळे ईस्ट कोस्टला स्वतःच्या कॉन्डोत गेले. आम्हीही हप्ता भरतोय गं, फक्त घराचा नाही." मी कपडे वाळत घालत होते. खिडकीबाहेर काढलेला कपड्यांचा बांबू आत ओढून घेतला आणि ते कपडे पुन्हा झटकत बसले, ती फोन ठेवेपर्यंत.

कधी कधी हे दिवसभर खिडकीशी बसायचे. इथे बंदुकीचं नाव काढायची सोय नाही. पुंगळी सापडली तरी तुरुंग, असं मुलाने बजावलं होतं. ह्यांना जे येत होतं ते या देशात कुणाला सांगताही यायचं नाही.

आणि २०१४ मध्ये तो डोळा गेलेला मुलगा घरी आला. मुलगा कसला, तिशीचा झाला होता. कंपनीने ट्रेनिंगला दोन आठवडे पाठवलं होतं. आमच्या मुलाला त्याने मेसेज केला, रविवारी काका-काकूंना भेटायला येऊ का?

मी भरली वांगी केली, वरण-भात, पोळ्या. डोळा काचेचा होता पण पटकन कळायचा नाही. ह्यांच्या पाया पडला. हे एकदम मागे सरकले.

जेवताना तोच बोलत होता. "काका, सिंगापूर तुम्हाला मानवलं का? इथे साधं च्युइंगगम मिळत नाही, तुम्हाला दारू कुठली मिळणार!" आमचा मुलगा उगीच मोठ्याने हसला. नात इथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, चॉकलेट हॅज, लाह," आणि तो खरंच हसला.

मग हात पुसत तो म्हणाला, "काका, एक विचारू? राग नाही ना येणार? मी नंतर खूप वाचलं. तुम्ही दोन्हीसाठी एकच दारू ठेवली होती. ती रिव्हॉल्व्हरला जास्तच जोरकस असेल, असं मला वाटतं. निवडच चुकली असेल ना?"

मी वाढायला उभी होते. हातात पोळीचा डबा. ह्यांनी महिनाभर घालून निवडलेली दारू, पुठ्ठ्यावरची ती भोकं, सगळं मला दिसत होतं. निवड बरोबर होती. त्यात काही चूक नव्हती. माझ्या हाताने त्या एका पुंगळीत दोनदा माप पडलं होतं, आणि हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

हे खाली बघून म्हणाले, "हो बाबा. निवडच चुकली माझी. मला त्यातलं वाटत होतं तेवढं कळत नव्हतं."

"जाऊ दे काका. मला फक्त कारण हवं होतं. नाहीतर माणूस डोकं खात बसतो."

"अजून एक पोळी घे," मी म्हणाले.

त्याला एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोडायला मीच निघाले. सुनेला आश्चर्य वाटलं, मी एकटी खाली जात नाही म्हणून. लिफ्टमध्ये मनाशी वाक्य जुळवलं. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "ती काडतुसं..."

तो थांबला. मान पूर्ण वळवून मला शोधायला लागला. "काकू, त्या बाजूला मला दिसत नाही. इकडे या ना, डावीकडे."

मी त्याच्या उजवीकडून चालत होते. आठ वर्षं त्याच एका डोळ्याचा विचार करत होते आणि त्याच बाजूने चालत होते. मी डावीकडे गेले. त्याने हसून विचारलं, "काय म्हणत होतात?"

"ती काडतुसं," मी म्हणाले, "तेव्हापासून घरात कुणी नाव काढत नाही."

"बरं करता," तो म्हणाला. मग स्टेशन आलं.

घरी आल्यावर ह्यांना म्हणाले, "मी त्याला फोन करून सांगते."

"काय सांगतेस? डोळा येणार आहे का त्याचा? त्याला कारण मिळालं, तो शांत झाला. आता पुन्हा उकरून काढायचं?"

"पण तुमची निवड बरोबर होती हो."

"ते तुला माहीत आहे ना? बास झालं."

ते मला बास झालं नाही, पण मी फोन केला नाही. दोन वर्षांनी हे गेले, इथल्याच इस्पितळात, आठ दिवसांत. त्या मुलाचा फोन आला होता. मुलाने स्पीकर लावला. तो म्हणाला, "काका फार प्रामाणिक माणूस. चूक कबूल करायला धाडस लागतं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी पदर तोंडाला लावला. रडते आहे असं त्यांना वाटलं.

आता सांगितलं तर हे खोटं बोलले असं होईल. नाही सांगितलं तर ह्यांना कामातलं कळत नव्हतं असं राहील. मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला. महिन्याला हप्ता जायचा, मुलगा त्याला मेसेज करायचा, तेव्हा वाटायचं, पुढच्या महिन्यात दोन ओळी आपल्याही घालायला सांगू. असे कितीतरी महिने गेले.

परवा रविवारी मुलाने जेवणाच्या टेबलावर बसून फोनवर शेवटचा हप्ता पाठवला. सून चहा घेऊन बाजूला उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खूप दिवसांनी. थोड्या वेळाने त्या डोळा गेलेल्या मुलाचं उत्तर आलं. मुलाने मला वाचून दाखवलं: "मिळाले. आता काही बाकी नाही. यापुढे तुम्हाला त्रास नको. काकूंना नमस्कार."

"आई, फिटले सगळे," मुलगा म्हणाला.

"सगळे?" मी विचारलं.

"हो. एक पैसा राहिला नाही."