सोनाबाईनं फोडलेलं कुलूप

सोनाबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती माझा बाप काढूनच. धारवाडच्या सुभाष रोडमागं एक बोळ आहे, तिथल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात मी नुकतीच कामाला लागले होते. मालक म्हणाले, "गौतमी, पायरीवरची ती भाजीची टोपली हलवायला सांग." मी जाऊन सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, "पायरी तुझ्या बापानं बांधली काय गं?" मी गप आत येऊन बसले. टोपली हलली नाही.

तिचं गाव अळणावरच्या पलीकडं, जंगलाला लागून. नवरा अप्पाजी दुसऱ्यांच्या शेतात राबायचा आणि फारसं बोलायचा नाही. घरातलं सगळं बोलणं सोनाबाईच्या वाट्याला आलं होतं. सतरा वर्षं ती रोज पहिल्या बसनं धारवाडला येत होती. मेथी, शेपू, काकडी; पावसाळ्यात अळंबी आणि बांबूचे कोंब. घासाघीस तिला खपायची नाही. एकदा सप्तापूरहून आलेल्या एका प्राध्यापकांनी जुडी हातात घेऊन "ताजी दिसत नाही" म्हटलं, तर ती म्हणाली, "सर, तुमी तरी कुठं ताजं दिसताय?" सांगितलेले पैसे देऊन ते जुडी घेऊन गेले.

बोळाच्या टोकाला महापालिकेनं बायकांसाठी बांधलेलं एक शौचालय होतं. कधी बांधलं कुणाला आठवत नव्हतं, कारण ते उघडं कुणी पाहिलंच नव्हतं. दाराला मोठं कुलूप, भिंतीवर 'महिलांसाठी' अशी अक्षरं आणि त्यांच्याभोवती क्लासच्या जाहिराती. चावी प्रभंजनकडं. प्रभंजनचं भांड्यांचं दुकान होतं आणि तो बोळातल्या दुकानदारांच्या कमिटीचा अध्यक्ष होता. आत त्यानं पुठ्ठ्याची खोकी आणि कमिटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. हाच माणूस दुकानाबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी रंगीत खडूनं सुविचार लिहायचा. दया, सेवा, समाधान. फोटो काढून आम्हा सगळ्यांना पाठवायचा, खाली दोन हात जोडलेले.

पुरुष भिंतीकडं तोंड करून मोकळे व्हायचे. बायका पाणी प्यायच्या नाहीत. बोळात बसणाऱ्या नऊ भाजीवाल्या सकाळी घरून निघताना शेवटचा घोट घ्यायच्या, तो संध्याकाळी घरी पोचेपर्यंत.

मार्चमध्ये सोनाबाई आठ दिवस आली नाही. लघवीला जळजळ होत होती, ती अंगावर काढली आणि ताप डोक्यात गेला. मुलगा महेश हुबळीत काम करतो, त्यानं तिला तिकडं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण घाईत होत्या. त्यांनी सलाईन लावलं आणि रागावल्या, "अहो, पाणी प्या की! दिवसाला तीन लिटर प्यायला हवं."

"पितो की," सोनाबाई म्हणाली. "जायचं कुठं तेवढं पण त्या कागदावर लिहा."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परत आल्यावर सोनाबाई टोपली ठेवून सरळ प्रभंजनच्या दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं.

"अण्णा, चावी द्या."

"कसली चावी?"

"मुतायच्या जागेची."

गिऱ्हाईक बाईनं कुकरचं झाकण खाली ठेवलं. प्रभंजन हसला, पण त्याचे कान लाल झाले. "ते बंद आहे. उघडलं की घाण होतं. तुम्ही लोक रस्ता घाण करता तेवढं पुरे नाही का?"

"मग उद्या येतो," सोनाबाई म्हणाली.

ती खरंच आली. अकरा दिवस, रोज दहा वाजता, दुकान भरलेलं असताना. तेच मागणं, त्याच शब्दांत, बोळभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाराव्या दिवशी दोन माणसं आली आणि "रस्ता मोकळा करा" म्हणत फक्त तिचीच टोपली उलटी केली. काकड्या गटारापर्यंत घरंगळल्या. कुणी पाठवलं ते सगळ्यांना माहीत होतं. उचलायला कुणी पुढं झालं नाही. मीही नाही. मी काचेआडून बघत होते.

शेजारी मिरच्या-लिंबं घेऊन बसणारी लक्कव्वा सोनाबाईची पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण. तिनं आपलं पोतं ओढून चार हात लांब नेलं. "सुम्निर, सोना," ती कन्नडमध्ये म्हणाली. गप बस. "तुझ्यापायी आमच्या पण जागा जातील."

"जाऊ देत की," सोनाबाई गटारातली काकडी पदराला पुसत म्हणाली. "जागा हाय कुठं आपल्याला?"

त्या दुपारी ती माझ्या दुकानात आली. मालक जेवायला गेले होते. "कन्नडमध्ये अर्ज लिहून दे," म्हणाली.

मी म्हटलं, "अक्का, मालक कमिटीत आहेत. माझी नोकरी जाईल."

ती हसली नाही, चिडलीही नाही. काउंटरवरच्या माझ्या बाटलीकडं बोट दाखवलं. "सकाळी भरून आणतीस, संध्याकाळी भरलेलीच नेतीस. मी काय आंधळी हाय? तुझं पोट दुखत न्हाई काय?"

दुखत होतं. दोन वर्षं दुखत होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेतला तर तिथं जाता यायचं, पण दिवसातून किती चहा पिणार? मी कागद ओढला आणि लिहायला बसले. लिहिताना मला तिचा राग येत होता, की ही मला यात का ओढते. सही करायला तिच्यापुढं कागद ठेवला तर तिनं अंगठा पुढं केला नाही. एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं आणि म्हणाली, "आता तुझं." मी माझंही नाव लिहिलं. त्याशिवाय ती हललीच नसती.

शौचालय उघडून द्या, असा तो अर्ज महापालिकेच्या ऑफिसात गेला. पोच म्हणून एका प्रतीवर शिक्का मारून मिळाला. पुढं तीन आठवडे काहीच झालं नाही.

मग एका मंगळवारी सकाळी सोनाबाई गावाकडून घण घेऊन आली. टोपलीत, मेथीखाली. कुलूप दोन घावांत तुटलं. मग तिनं एकेक खोकं उचलून बाहेर आणलं आणि प्रभंजनच्या दुकानाच्या पत्र्याखाली नीट रचलं. खुर्च्याही एकात एक घालून ठेवल्या. तो आला तेव्हा ती आत झाडू मारत होती.

"चोर! कुलूप फोडलं! पोलिसांना बोलवा!" तो ओरडला. त्यानंच फोन लावला.

आली ती एक लेडी कॉन्स्टेबल, चौकातल्या बंदोबस्तावरून. पहाटेपासून रस्त्यावर उभी होती, चेहरा घामानं चिकट झाला होता. सोनाबाईनं दाखवलेला शिक्क्याचा कागद तिनं वाचला. मग आत डोकावून विचारलं, "पाणी हाय काय आत?"

सोनाबाईनं बादली पुढं केली.

कॉन्स्टेबल आत गेली, दार लावून घेतलं. प्रभंजन बाहेर उभा. पाच मिनिटांनी ती पट्टा सारखा करत बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "तुमचं सामान बघून घ्या. काही कमी असलं तर लिहून द्या." काही कमी नव्हतं. "मग हे कशासाठी बांधलंय ते भिंतीवर लिहिलंय, वाचा," म्हणाली आणि गेली.

इथं गोष्ट गोड व्हायला हवी होती. झाली नाही. चार दिवसांत आतल्या नळाचा पाइप कुणीतरी तोडला. दारात रोज कचरा पडायला लागला. सोनाबाई सार्वजनिक नळावरून बादल्या वाहायची. तिनंच लावलेल्या नव्या कुलपाची चावी तिच्या कमरेला. बायका यायच्या, चावी मागायच्या, जायच्या. साफ मात्र एकटी सोनाबाई करायची.

तिनं पाळ्या लावायचं ठरवलं, तेव्हा एक भाजीवाली म्हणाली, "त्या कामाला त्यांची माणसं असतात." असं म्हणताना ती माझ्याकडं बघत होती. आम्ही बौद्ध. माझं नाव ऐकलं की पुढचं लोक स्वतःच ओळखतात.

सोनाबाई फिरली. "तिची माणसं कशाला? मुतलीस तू!"

ती बाई उठून दोन दिवस बोळाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

गावाकडंही बातमी पोचली. नणंदेच्या घरी लग्न होतं. सोनाबाई भाकरी थापायला बसली तर नणंदेनं तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. "तू आता संडास धुतीस म्हणं." ती उठून अंगणात आली. अप्पाजी पंगतीत बसला होता. त्यानं पान पुढं सारलं आणि उठला. भरल्या पंगतीतनं. एक शब्द बोलला नाही, तिच्या मागं चालत घरी आला. हे तिनंच मला सांगितलं आणि वर म्हणाली, "मुकाट्या! दोन शब्द सुनावून यायला काय झालं होतं?" पण सांगताना तिचा आवाज मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं चावी कुणालाच दिली नाही. "जी धुईल ती जाईल." दुपारपर्यंत सगळ्या तिला शिव्या देत होत्या. तीन वाजता लक्कव्वा उठली, कन्नडमध्ये सोनाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत झाडू हिसकावून घेतला आणि आत गेली. तिच्यामागून मी गेले, फिनेलची बाटली घेऊन. मालकांनी काचेतून पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून हे दुकानाच्या वेळेत नको." मी म्हटलं, "मग जेवणाच्या सुट्टीत करीन." त्यांनी मला काढलं नाही. काढतील म्हणून मी महिनाभर घाबरत होते, मग घाबरायचं विसरले.

आता पाळ्यांचा कागद आमच्या काचेवर चिकटवलेला असतो. पाइप आम्ही बायकांनी दुरुस्त करून घेतला. प्रभंजनच्या दुकानातल्या दोन मुली आधी मागच्या दारानं लपून यायच्या. सोनाबाईनं त्यांना वेगळी चावी करून दिली. प्रभंजन अजून तिचं नाव घेत नाही. समोरून आली तर थुंकतो. ती म्हणते, "थुंकू दे. आमच्या दारात थुंकला तर पाळी त्याची."

मी एकदा विचारलं, "अक्का, एवढं भांडून बरं वाटतं का तुम्हाला?"

तिनं शेपूची जुडी हातात घेतली. "लहानपणी मी लई गोड होतो गं," म्हणाली. "गोड बोलून कुणी चावी दिली न्हाई. आता माझ्या अंगात ताप न्हाई, सकाळी उठलं की यावंसं वाटतं. एवढं बास." मग जुडी आपटून म्हणाली, "तू बसलीस काय माझ्या तोंडाकडं बघत? गिऱ्हाईक आलंय तुझं."

परवा अळणावरकडून आलेली एक कोवळी बाई तान्हं मूल घेऊन बोळात उभी होती. बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. सोनाबाईनं हाक मारली, "ए, काय पायजे?" बाई लाजून काहीच बोलेना. सोनाबाई खेकसली, "तोंड न्हाई काय तुला? तासभर उभी हायस! आण ते पोर हिकडं." मूल काढून घेतलं, चावी तिच्या हातात कोंबली आणि टोकाकडं बोट दाखवलं. बाई जवळजवळ पळतच गेली. मूल रडायला लागलं तशी सोनाबाई त्याला खांद्यावर टाकून थोपटत राहिली, आणि "रडू नको रं, तुझी आई लई येडी हाय" असं त्याला पुनःपुन्हा सांगत राहिली.