देव, तंबू आणि आमचे हे

प्रवासाहून आल्यावर डबे घासून होतात, चादरी धुऊन होतात, पण वाळू काही संपत नाही. परवा पोथीचं फडकं झटकलं, तर त्यातूनसुद्धा चिमूटभर निघाली! किश्श्यांचंही तसंच. आमच्या नाशिक रोडच्या भजनी मंडळात वाती वळायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "शैलाताई, ते कोकणातलं सांगा ना." आणि सांगताना आधी न सांगितलेलं आणखी एक निघतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी मागचं थोडं सांगते. आमच्या ह्यांच्या हृदयाचा एक वॉल्व्ह खराब झाला आहे. डॉक्टर म्हणाले, "बदलावा लागेल. आज-उद्या नाही, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबूही नका." हे म्हणाले, "बघू." ह्यांचं सगळं आयुष्य कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेलं. घरी आल्यावर म्हणतात कसे, "पार्ट बदललेलं मशीन पहिल्यासारखं चालत नाही. मी तीस वर्षं पाहिलंय."

मी देवासमोर बसले आणि सांगितलं, हे ऑपरेशनला 'हो' म्हणेपर्यंत चहा सोडला. मला चहा किती लागतो ते मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे!

महिनाभर 'बघू' चाललं. मग एक दिवस म्हणाले, "तंबू घेऊन समुद्राच्या कडेकडेने जाऊ. आठ दिवस. आल्यावर सांगतो काय ते." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ओझं उचलायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत असं बजावलं, आणि मार्गशीर्षात आम्ही निघालो.

*

गाडी मी चालवायची होती. पन्नाशीनंतर शिकलेली, आणि नाशिक रोड ते पंचवटी यापलीकडे कधी नेलेली नाही. कसारा घाट सुरू झाला तसे माझे हात घामाने ओले. मी मोठ्याने नामजप सुरू केला. माळ धरायला हात कुठे मोकळा? तेव्हा ह्यांनी माझ्या पर्समधून माळ काढली आणि एकेक मणी ओढायला लागले. देवळात गेला तरी चपलांजवळ उभा राहणारा माणूस!

घाट उतरलो. मी गाडी कडेला घेऊन पाणी प्यायले.

"दोन माळा आणि सतरा मणी," हे म्हणाले. "नाम तू घेतलंस, मणी मी ओढले. पुण्य निम्मं-निम्मं!"

*

पहिला मुक्काम रेवदंड्याच्या अलीकडे, एका नारळाच्या वाडीत. तंबू लावायला मालक स्वतः आले. मी म्हटलं, "दार पूर्वेला हवं. आत माझे देव बसायचेत." बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शंख असे तिघे मी स्टीलच्या डब्यात, कापसात बसवून आणले होते.

मालक म्हणाले, "वहिनी, समुद्र पश्चिमेला आहे."

"असू दे. देव पूर्वेलाच."

तंबू लागला. ओळीतल्या बाकी सगळ्यांची दारं समुद्राकडे. आमच्या दारासमोर मालकांचा गोठा! संध्याकाळी मंडळी सूर्यास्त बघतायत आणि आम्ही दोघं बसलोय एका गाभण म्हशीकडे बघत. हे मग म्हणाले, "शैला, एवढे तीनशे किलोमीटर आलो. म्हैस आपल्या भागात नसते का गं?"

सकाळी देवांची पूजा झाली आणि मीच तंबू फिरवून घेतला. ह्यांनी विचारलं, "देवांचं काय?"

म्हटलं, "त्यांनी तरी समुद्र कधी पाहिलाय?"

*

सोमवारी मुरुडला होतो. समुद्रासमोर आसन टाकून पूजेला बसले. संकल्प सोडताना राहत्या जागेचा उच्चार करतात ना, तसं माझ्या तोंडून सवयीने निघालं, "गोदावरीच्या दक्षिण तीरावर..."

मागून हे म्हणाले, "अगं, समोर एवढा समुद्र आहे आणि पत्ता नाशिकचा देतेस? देव प्रसाद घेऊन नाशिक रोडला जाईल आणि कुलूप बघून परत फिरेल!"

मी खरंच घाबरले. संकल्प चुकला म्हणजे सोमवारचं व्रत चुकलं का? दुपारी तिथल्या देवळातल्या म्हाताऱ्या गुरुजींना जाऊन विचारलं. ते हसले. "काकू, आम्हीही इथे तेच म्हणतो. हा सगळा मुलूख गोदावरीच्या दक्षिणेलाच आला. तुम्ही काही फार लांब आलेला नाहीत!"

मला इतकं बरं वाटलं! परत येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे इतका वेळ मी घरातच आहे म्हण. मग आता चहा कर. तू घेत नाहीसच, एक कप पुरे."

*

गुरुवार आला. मार्गशीर्षातला, म्हणजे महालक्ष्मीचं व्रत. श्रीवर्धनला तंबूसमोर पाटावर कलश मांडला, पाच झाडांच्या डहाळ्या लावल्या, नारळ ठेवला. हळदीकुंकवाला सवाष्ण कुठून आणायची? आजूबाजूच्या तंबूंत कॉलेजची पोरं. शेवटी वाटेने पाटी घेऊन चाललेल्या एका कोळणीला हाक मारली. आणि हाक मारल्यावर, खरं सांगते, माझं मन जरा मागे आलं. हिच्या पाटीत मासे असणार. कलशाजवळ कसं बसवायचं?

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. तिने पाटी खाली ठेवली आणि फडकं उचलून दाखवलं. आत झेंडूची फुलं, केळी आणि एक नारळ!

"वयनी, आज गुरवार हाय. आमी पन आज मासली हातान धरत नाय. चला लवकर, माजी पन पूजा र्‍हायलीय घरा."

मी तिला वाकून नमस्कार केला. वयाने माझ्यापेक्षा लहान होती. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "काय मागलंस देवीकडं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तंबूची दोरी विनाकारण सोडून पुन्हा बांधत होते.

*

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. हे आपणहून बोलले. "मशीनचं मी उगाच सांगतो."

मी पायांवरची वाळू झटकता झटकता थांबले.

"दुखण्याची भीती नाही मला. पण झोपवणार. मग माझं काय चाललंय ते मलाच कळणार नाही. छाती उघडी, आणि मी तिथे नाही. ते नको वाटतं."

इतकी व्रतं केली, इतक्या कहाण्या वाचल्या, एकही कामाला आली नाही. शेवटी एवढंच म्हटलं, "तुम्हाला कळणार नाही, पण मी बाहेर जागी असेन. मला सगळं कळेल."

ह्यांनी चपला उलट्या करून वाळू झटकली. मग म्हणाले, "डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी तू चहा सोडलास. मला काय कळत नाही?"

"मग?"

"मग काय? बघू."

मी रडले नाही. समुद्राला हात जोडले आणि उठले.

*

परतीच्या आधी एका गावाबाहेर दीपस्तंभ लागला. पांढरा, उंच, टेकडीच्या टोकावर. गाडी थेट पायथ्याशी जाते. दारात टेबल, टेबलावर वही, आणि वहीमागे एक पोक्त वॉचमन. वर जाणाऱ्याने आधी वहीत नोंद करायची.

ह्यांनी मान मागे टाकून वरपर्यंत पाहिलं. "किती पायऱ्या?"

"शंभरावर आहेत, काका. गोल गोल. वरून पार पलीकडची खाडी दिसते."

"अहो," मी दंडाला धरलं, "डॉक्टरांनी जिने..."

"माहीत आहे गं. लिहायला काय जिना लागतो?"

खुर्चीवर बसले. चष्मा लावला. एकेक रकाना सावकाश भरला. नाव. गाव. तारीख. मग वही वॉचमनकडे फिरवली.

वॉचमनने बोट ठेवून वाचलं. "काका, दिवस-महिना बरोबर आहे. पण साल पुढचं पडलंय. खोडून देऊ का?"

"खोडू नका," हे म्हणाले आणि पेन माझ्याकडे दिलं. "शैला, तुझंही लिही."

मी खालच्या ओळीत माझं नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे. तारखेच्या रकान्यात लिहिलं, वरीलप्रमाणे.