चार हेलिकॉप्टरं आणि अर्धी पेटी

चार हेलिकॉप्टरं जास्त हवीत, शुक्रवारपर्यंत खर्च काढा, एवढंच सांगून सावंतसाहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आपली फौज समुद्रापलीकडे होती आणि मी घाटकोपरच्या एका सरकारी कचेरीत तिच्या सामानाचं कॉस्टिंग बघत होते.

हेलिकॉप्टरचा खर्च म्हणजे नुसती खरेदीची किंमत नव्हे. पायलट, मेकॅनिक, इंधन, स्पेअर पार्ट, उभं करायला शेड, सगळं धरावं लागतं. माझी यादी सतरा ओळींची झाली.

तिकडून आलेले मेजर शिंदे समोर बसले होते. मी विचारलं, तुमच्याकडे दहा आहेत ना?

"कागदावर दहा. उडतात सहा."

बाकीची चार पार्ट नाहीत म्हणून उभी होती. गेल्या महिन्यात एका जखमी जवानाला पाच तास ट्रकमधून न्यावं लागलं. त्याचा पाय गेला. मेजरांनी हे आवाज न चढवता सांगितलं.

चार हवीत आणि चारच उभी आहेत. प्रत्येकाचा एकेक पार्ट अडला होता. मी त्या चार पार्टांची वेगळी यादी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलुंडच्या आमच्या गोदामात गेले. तिकडे जाणारं सामान तिथूनच पेट्यांत भरून निघायचं. गोदाम सांभाळणारे परब कणकवलीकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी यादी वाचली आणि मला थेट मागच्या रॅककडे नेलं. चारपैकी तीन पार्ट तिथे होते. चिठ्ठ्यांवरच्या तारखा दोन महिन्यांपूर्वीच्या.

"मग पाठवले का नाहीत?"

"पेटी भरूक नाय, मॅडम. अर्धी पेटी पाठवायची नाय, असो तुमच्याच हापिसाचो कागद आसा."

त्यांनी कागद काढून दाखवला. अर्ध्या रिकाम्या पेट्यांमुळे वाहतुकीचा खर्च वाया जातो, सबब पेटी भरल्याशिवाय रवाना करू नये. खाली सही माझी. तीन वर्षांपूर्वी काटकसरीच्या सूचना मागवल्या होत्या, तेव्हा मी बारा दिल्या होत्या. त्यातली ही चौथी.

परत येऊन मी सावंतसाहेबांना सगळं सांगितलं आणि सूचना रद्द करण्याची नोट पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुमचीच सूचना तुम्हीच खोडताय? वर विचारतील."

"विचारू देत. तेव्हाही सही माझीच होती."

त्यांनी पेन उघडलं.

दुपारी अर्धी पेटी निघाली. चौथा पार्ट कारखान्यातून यायचा होता, त्याला वेळ लागणार होता. म्हणून मी एक जादा हेलिकॉप्टर मंजूर करावं असं लिहिलं आणि सतरा ओळींचा खर्च फक्त त्या एकाचा लावला. ते मान्य झालं.

महिन्याभराने मेजरांचं कार्ड आलं. "नऊ उडतात." आभार वगैरे काही नव्हतं, आणि त्या जवानाच्या पायाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

काटकसरीच्या सूचना मी पुढेही दिल्या. फक्त प्रत्येकीखाली एक ओळ वाढवली: ही बचत होईपर्यंत वाट कोण बघणार?